साज मोडून एसआयपी? आधी उसाचं बिल येऊ दे

रोकडा_सवाल: कालची पोस्ट वाचली. "कोल्हापूरकरांनो, गुजरीतून (सराफ बाजारातून) बाहेर या. साज मोडा, महिना 10,000 ची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेला हप्ता) करा, 20 वर्षांत कोटी." हा कोटी 12 टक्के परतावा धरून येतो. रेग्युलर प्लॅनमधला, म्हणजे वितरकामार्फत घेतलेल्या फंडातला, वर्षाचा 1 टक्का वितरकाकडे गेला की 11 टक्क्यांनी तोच आकडा 87 लाखांवर बसतो. फुकट सल्ल्याची फी ती. वितरकाशिवाय घ्यायचे डायरेक्ट प्लॅन 2013 पासून आहेत, पण त्यांच्या पोस्टी कोण टाकणार? शिवाय दर 5 तारखेला खात्यात पैसे असणार हे गृहीतच. अडसाली ऊस लावणाऱ्याला पैसे दिसतात दीड वर्षानं!

चक्रवाढ: पोस्ट माझीच. सोन्याचा हिशेब मात्र सोयीनं टाळलात. 1 लाखाचं सोनं, 12 टक्के मजुरी, त्यावर 3 टक्के जीएसटी: मोजायचे 1,15,360. भाव 15 टक्के चढेपर्यंत तुम्ही तोट्यातच.

गुजरीचा_पाहुणा: भावा, ती मजुरी घेतानाच गेली. आता मोडून ती परत येणार आहे का? उलट साजाच्या मण्यांत लाख (राळ) भरलेली असते, ती वजनातून वजा, डागाची (सांध्याच्या जोडकामाची) घट वेगळी. नवं घेऊ नका म्हण, पटेल. आहे ते मोडा कशाला?

चक्रवाढ: बरं, ठेवा कपाटात. लॉकरचं भाडंही परतावा समजा.

बांधावरून: कारखान्याला ऊस घातल्यावर 14 दिवसांत बिल, उशीर झाला तर 15 टक्के व्याज, असं ऊस नियंत्रण आदेश सांगतो. आदेश 1966 चा. व्याज मागणाऱ्याची ऊसतोड पुढच्या हंगामात कधी येते, ते चक्रवाढ साहेबांनी बघावं. एसआयपीचा हप्ता बँकेतून तीनदा सलग परतला की ती बंद, वर बँकेचा दंड.

चक्रवाढ: त्यावर उपाय आहे राव. बिलातून सोसायटीचं कर्ज वजा जाऊन उरलेलं लिक्विड फंडात (अल्प मुदतीच्या कर्जरोख्यांच्या फंडात) टाका, तिथून दरमहा एसटीपीनं, म्हणजे ठरलेली रक्कम आपोआप वळवून, इक्विटीत (शेअरच्या फंडात) न्या.

रोकडा_सवाल: हे काल लिहिलं असतं तर हा धागाच निघाला नसता. आणि प्रत्येक वळवणीला लिक्विडमधला नफा करपात्र, हेही लिहा. ऊस करमुक्त, फंड नव्हे.

बांधावरून: फंड कशाला? गावातले खरे गुंतवणूकदार 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज उचलतात, वेळेत फेडलं तर बिनव्याजी पडतं, आणि तेच पतसंस्थेत ठेव म्हणून लावतात. सरकारच्या पैशावर व्याज!

गुजरीचा_पाहुणा: नाद खुळा! फक्त बँकेच्या ठेवीला मुद्दल-व्याज मिळून 5 लाखांचा विमा असतो, पतसंस्थेला तो लागूच नाही. दोन टक्के जादा व्याजासाठी आख्खं मुद्दल टांगणीला. शिवाय फेडीची तारीख ठेवीच्या मुदतीआधी आली तर ठेव मोडा, व्याज कापून घ्या, नाहीतर कर्जाची सवलत घालवा.

बांधावरून: चेअरमन पाव्हणा असला की मुदत जुळते.

गुजरीचा_पाहुणा: आणि संस्था अडचणीत आली की तोच पाव्हणा आधी आपली ठेव काढतो. पोरांच्या नावानं ठेवा वाटल्या तरी शून्य विम्याचे तुकडे शून्यच.

चक्रवाढ: म्हणजे फंडच बरा, असं म्हणायचं तर आहे, पण जीभ उचलत नाही?

रोकडा_सवाल: डायरेक्ट म्हण, मग उचलते.