पुरुषांचा आधारगट दुसऱ्याच बैठकीत ओसरला. तो टिकवायचा कसा?

प्रश्न: पारावरचा_मास्तर

मी निफाड तालुक्यातील एका गावात शिक्षक आहे. गेल्या वर्षी आमच्यातील एका मित्राने आत्महत्या केली. पंधरा वर्षे आम्ही सहा-सात जण रोज संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसत होतो. कांद्याचा भाव, ग्रामपंचायत, क्रिकेट आणि पाऊस यांवर तास-तास बोलत होतो, पण त्याच्यावर किती कर्ज झाले आहे आणि कित्येक महिने त्याला रात्रीची झोप नाही, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. दहाव्याला वहिनींनी आम्हाला विचारले, "तुम्ही रोज बोलत तरी काय होतात?" त्यावर कोणालाही काही सांगता आले नाही.

म्हणून आम्ही समाजमंदिरात पुरुषांचा गट सुरू केला. 'पुरुष मानसिक आरोग्य मेळावा' असा फलक लावून तालुक्याच्या गावाहून एक वक्ते बोलावले. पहिल्या बैठकीला एकोणीस जण आले, दुसरीला चार. त्या चौघांपैकी एकाला भावकीतल्यांनी "तुला काय वेड लागले आहे का?" असे विचारले, दुसरा दोन्ही वेळा आला, शेवटपर्यंत बसला आणि "आपले ठीक आहे" यापलीकडे एक शब्दही बोलला नाही. असे गट ज्यांनी चालवले किंवा अनुभवले आहेत, त्यांनी आमचे कुठे चुकले ते सांगावे.

उत्तर: जुना_सभासद, पुणे

मास्तर, फलक आणि वक्ते या दोन गोष्टी आधी काढून टाका. मी चौदा वर्षे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या बैठकांना जातो आहे. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे दोन दारुड्यांच्या बोलण्यातून सुरू झाली. त्यातील एक शल्यचिकित्सक होता, पण त्या संभाषणात त्याच्या डॉक्टरकीचा काही उपयोग नव्हता; समोरच्यानेही तेच भोगले आहे, एवढेच त्याला पुरले. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातही, जे १९८६ पासून चालू आहे, पूर्वी उपचार घेऊन गेलेले अनेक जण पुढे तिथलेच कार्यकर्ते झाले. ज्याने स्वतः सोसले आहे त्याच्यापुढे लपवण्यासारखे फारसे उरत नाही, हा या सगळ्याचा पाया आहे.

नियम थोडेच ठेवावेत, पण ते मोडू देऊ नयेत. वार आणि वेळ बदलायची नाही. एक जण बोलत असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचे नाही, आणि त्याचे संपल्यावर सल्लाही द्यायचा नाही. प्रत्येकाने 'मी'पासून सुरुवात करून स्वतःपुरतेच बोलायचे. आपल्या पुरुषांना हे सर्वांत जड जाते, कारण कोणी अडचण सांगितली की "अरे, त्यात काय एवढे, असे कर" म्हणण्याची आपल्याला सवय असते, आणि त्याच क्षणी सांगणाऱ्याचे तोंड मिटते. आमच्याकडे बाहेरची देणगी घेत नाहीत. जमलेल्यांनीच चहापाण्याचे पैसे काढायचे, त्यामुळे उपकाराचे ओझे नसते आणि कोणा पुढाऱ्याचा फोटोही लागत नाही. राहिला प्रश्न संख्येचा. दोघे आले तरी बैठक होते, आणि मी स्वतः पावसाळ्यात अशा कित्येक बैठका केल्या आहेत.

उत्तर: ॲडलेडचा_सातारकर

जुन्या सभासदांचे म्हणणे मला पटते, पण ज्याला व्यसन नाही, ज्याच्या दुःखाला नाव नाही, असा माणूस केवळ बोलण्यासाठी येईल का, याबद्दल मला शंका आहे. निवृत्तीनंतर मुलाकडे इकडे आल्यावर मी येथील 'मेन्स शेड'मध्ये जाऊ लागलो. ही पद्धत ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात रुजली, २००७ मध्ये या शेडची देशव्यापी संघटना झाली आणि आज अशा हजारांहून अधिक शेड आहेत. तेथे लाकूडकाम चालते, बिघडलेली यंत्रे दुरुस्त होतात, मध्ये चहा होतो. पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात, हे त्या चळवळीचे सूत्रच आहे. एकदा खुर्चीचा पाय तासता तासता शेजारच्या गृहस्थांनी, नजर लाकडावरून न हलवता, पत्नी गेल्यापासून घरात स्वयंपाक झालेला नाही असे मला सांगितले. हॉलमध्ये गोल करून बसवले असते तर त्यांनी ते सांगितले असते असे मला वाटत नाही.

गावात त्यासाठी वेगळी शेड बांधण्याची गरज नाही. हाताला एखादे खरे काम असले की झाले, मात्र ते खरे असले पाहिजे.

उत्तर: भिशीवाली

बचत गटात आम्ही बायका 'मन मोकळे करायला' येतो असे कोणी म्हणत नाही. हप्ता भरायला येतो, आणि मन त्यात आपोआप मोकळे होते. तुम्हालाही असे एखादे निमित्त लागेल, एवढेच सुचवते.

उत्तर: समुपदेशक, ठाणे

वरील सूचना चांगल्या आहेत, पण गटाची मर्यादा आधीच ठरवून घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि त्यांपैकी १,२२,७२४ पुरुष होते. म्हणजे आज ना उद्या तुमच्या बैठकीतही कोणी "आता जगून काय करायचे" असे म्हणेल. त्या वेळी विषय बदलू नका. "जीव द्यावा असे मनात येते का?" असे स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना कोणीतरी विचारले याचाच दिलासा वाटतो. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटे सोडू नका, जवळच्या माणसाला कळवा आणि त्याच्यासोबत जिल्हा रुग्णालयात जा. बैठकीतले बोलणे बाहेर न्यायचे नाही हा गुप्ततेचा नियम येथे बाजूला ठेवावा लागतो, आणि असे होईल हे पहिल्याच दिवशी सर्वांना सांगून ठेवावे. टेलि-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. पोलीस केस होईल या भीतीने लोक दवाखाना टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करण्याऐवजी तिच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

आणखी एक. तुमच्या मित्राला झोप नव्हती तशी कर्जाचीही विवंचना होती. तेव्हा बँकेचे कागद समजणारा एखादा माणूस गटात असू द्या. सावकाराचा तगादा केवळ ऐकून घेतल्याने थांबत नाही.

प्रश्नकर्ता: पारावरचा_मास्तर

सर्वांचे आभार. फलक उतरवला आहे. शाळेत सत्तावीस बाके मोडून पडली आहेत. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता ती दुरुस्त करायची, असे गावात सांगितले आहे. गावच्या सुतारमामांनी रंधा आणि पटाशी दिली असून तेही बसणार आहेत. सोसायटीचे निवृत्त सचिव कर्जाचे कागद पाहायला तयार झाले आहेत. फक्त तो "आपले ठीक आहे" म्हणणारा गृहस्थ याही वेळी येईलसे दिसते. त्याला बोलते करण्यासाठी काय करावे?

उत्तर: जुना_सभासद, पुणे

काही करू नका. चहाचे काम त्याच्याकडे द्या. पहिले आठ महिने मीही फक्त कप विसळत होतो.