तलावावरचे पाहुणे पक्षी: राखण गावच्या पोरांनी करावी का?

पारीवरचा (भंडारा जिल्हा)
आमच्या मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातल्या, तलावाचं पाणी डिसेंबरनंतर उतरू लागलं की काठचा चिखल उघडा पडतो. तुतवार, चिखल्या, शेकाट्या, टिलवे हे पक्षी तिथंच चरतात. खोल पाण्यात त्यांचं काम नाही. अन् नेमका तोच काठ सहलीवाल्यांना हवा असतो. डीजे, प्री-वेडिंगचं शूटिंग, वरून ड्रोन. टिलवा जेमतेम २५-३० ग्रॅमचा जीव, अंडी घालायला पार उत्तर सायबेरियाच्या टुंड्रात जातो. परतीच्या वाटेसाठी त्याला अंगात चरबी साठवावी लागते. दर वेळी उडवला की साठवलेलं जळतं आणि चरायचा वेळही जातो. "उडाला तर काय, परत बसेल" असं म्हणणाऱ्यांना हे कोणी तरी सांगायला पाहिजे. गावच्या पोरांनी हिवाळाभर सुट्टीच्या दिवशी पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, थांबावं, दुर्बिणीतून पक्षी दाखवावा, काठापासून लांब बसायची विनंती करावी. दंड नाही, दमदाटी नाही.

डोंगावाला
भाऊ, तलाव आमच्या मच्छीमार संस्थेनं लीजवर घेतला आहे. आज पोट्टे पाहुण्यांना हटकतील, उद्या आम्हाले म्हणतील डोंगा (होडी) काढू नका, जाळं टाकू नका. मग एखादा साहेब येऊन बोर्ड ठोकून जाईल. तलावात माजलेली बेशरमची झुडपं कंबरभर पाण्यात उतरून उपटली ती आमच्या बायांनी. तवा कोणी दुर्बीण घेऊन आलं नाही. आता आम्हाले न विचारता राखणदार काऊन ठरवून राहिले?

नागपूरकर
माझा विरोध वेगळ्या कारणानं. दारू प्यायलेल्या टोळक्यासमोर कॉलेजातलं पोर उभं करायचं? १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. कोणी फासे लावले, शिकार केली तर वनविभागाला कळवा. राखण हे पगारी माणसाचं काम आहे.

शाळेतल्या बाई (गोंदिया)
सारसाचं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं सारसांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, ते हवंच होतं. पण सारस घरटं करतो धानाच्या बांधीत. तिथं अंडी आहेत हे आधी दिसतं शेतकऱ्याला, आणि आमच्याकडं घरटी राखली ती शेतकऱ्यांनी अन् स्वयंसेवकांनी मिळून. पगारी माणूस प्रत्येक बोडीवर, छोट्या तळ्यावर, कुठून आणणार? माझ्या वर्गातल्या मुलींना टिटवी आणि शेकाट्यातला फरक कळतो. त्यांनी बापाला सांगितलं तर बाप ऐकतो.

उन्हाळी धानवाला
सहलीवाले आठवड्यातून एक दिवस येतात. मोटरपंप रोज चालतो. मी स्वतः तलावाचं पाणी घेतो म्हणून सांगतो, फेब्रुवारी-मार्चात तलाव आटला तर तुमचा टिलवा चरणार कुठं? शिवाय पट्टकादंब हंसांचा थवा रात्री गव्हात उतरला तर नुकसान माझं. त्याचं उत्तर द्या, मग दुर्बीण दाखवा.

पारीवरचा
धानवाले दादा, पंपाचा मुद्दा खरा. तो ग्रामसभेतच सुटेल; पारीवरच्या पोरांनी नाही सुटणार. गव्हाच्या भरपाईची मागणी करा, मी तुमच्यासोबत सही करतो. पण पंपाचा निकाल लागेपर्यंत ड्रोन उडू द्यायचा, हे मला पटत नाही.

डोंगावाले काका, रोजच्या वाटेनं संथ जाणाऱ्या डोंग्याला पक्षी सरावतात. चिखलात धावणारी माणसं, कुत्रे, ड्रोन यांना नाही. म्हणून मासेमारीला हात लावायचा विचारच नाही. कुठं थांबायचं, कोणता काठ मोकळा सोडायचा, हे संस्थेनं ठरवावं.

नागपूरकर, पोरांसोबत मोठी माणसं असतील. पिऊन आलेल्यांशी बोलायचंच नाही, बाजूला व्हायचं.

नागपूरकर
बाजूला व्हायचं म्हणता, पण बाचाबाची सांगून होत नाही. माझं मत बदललेलं नाही.

डोंगावाला
मासेमारीला हात लावणार नाही, हे कागदावर लिहून संस्थेच्या बैठकीत आणा. बायाही बसतील तिथं. बेशरम उपटायला पोट्टे येतील का, तेही त्यातच लिहा.

पारीवरचा
येतील. बैठक कधी आहे?