कांजीतल्या ‘रॅडिकल’ला काय म्हणावं : मूळ, कुळ की अवयव?

जपानी शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी मी ब्राउझरमध्ये चालणारं कांजी (जपानी लिहिताना वापरतात ती चिनी चिन्हं) शोधायचं साधन बनवते आहे. अर्थ आणि उच्चार जिम ब्रीन यांच्या कांजीडिक या कांजीकोशातून घेतले, लिहिण्याचा क्रम कांजीव्हीजी या चिन्हांच्या आकृत्यांच्या संग्रहातून. सगळी बटणं मराठीत हवी आहेत आणि गाडी अडली ती ‘रॅडिकल’पाशी, म्हणजे कोशात कांजी ज्या चिन्हाखाली लावलेली असते त्याच्यापाशी. जपानीत त्याला ‘बुशु’ म्हणतात. मी बटणावर ‘मूळ’ लिहिलं होतं. परवा एक विद्यार्थिनी ‘ऐकणे’ची कांजी शोधत होती. दोन झडपांचं फाटक आणि आत कान, असं ते चिन्ह दिसतं. तिने ‘मूळ’मध्ये फाटक निवडलं आणि यादी दोनदा वरून खाली पाहिली. कांजी सापडेना, कारण कोशात तिचं बुशु कान आहे! माहिती बरोबर होती, माझा शब्द चुकला. दुसरा काय घ्यावा? ‘धातू’ चालेल का?

— ताई, ‘धातू’ नको. धातूला प्रत्यय लागून शब्द घडतो, तसं इथे काही घडत नाही. ‘बु’ म्हणजे विभाग, ‘शु’ म्हणजे डोकं. कोशातल्या विभागाच्या डोक्यावर बसवलेलं चिन्ह ते बुशु. चीनमधल्या १७१६ सालच्या कांगशी कोशात असे २१४ विभाग आहेत आणि जपानी कांजीकोशांची पारंपरिक मांडणी त्यावरच उभी आहे. प्रत्येक कांजी एकाच विभागात जाते. तुमचंच फाटक घ्या. आत कान असेल तर ऐकणे, तोंड असेल तर विचारणे, सूर्य असेल तर मधली जागा. पहिल्या दोन्हींत फाटक फक्त उच्चार सुचवतं (फाटकाचा उच्चार ‘मोन’, ‘विचारणे’चाही ‘मोन’). अर्थ येतो कान आणि तोंडाकडून, म्हणून त्या कांजी त्यांच्या घरी नांदतात. तिसरीत मात्र फाटकाच्या फटीतून उजेड दिसतो. तिथे फाटक अर्थाचंच, म्हणून ती फाटकाच्या विभागात. मी ‘कुळ’ सुचवेन. कुळ एकच असतं आणि नुसत्या चेहऱ्यावरून ते कळतंच असं नाही.

— आमच्या कोकणात ‘कुळ’ म्हटलं की आधी कुळकायदा आठवतो, पण शेजारी चिन्ह दिसत असेल तर घोटाळा होणार नाही. मला वेगळंच म्हणायचंय. त्या मुलीला बुशु नकोच होतं. तिला डोळ्यांना दिसलेला तुकडा धरून शोधायचं होतं, आणि त्याला स्वतंत्र शब्द लागेल. ‘घटक’ म्हटलं की मुलांना घटक चाचणी आठवेल. ‘अवयव’ घ्या. शाळेत आपण १२चे अवयव पाडतो, तसेच कांजीचे पाडायचे.

— ‘अवयव पाडा’! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार. चिन्हाच्या पानावर आता ‘कुळ’ लिहिते आणि शोधात ‘अवयव’. त्यासाठीची माहितीही वेगळी आहे : ब्रीन यांच्याच प्रकल्पातल्या क्राडफाइलमध्ये प्रत्येक कांजीचे दिसणारे तुकडे दिलेले असतात, बुशु असोत नसोत. काल रात्री ती जोडली. फाटक दाबलं, कान दाबला आणि ‘ऐकणे’ समोर आलं.

आता ‘स्ट्रोक’चं, म्हणजे हात न उचलता एका दमात काढलेल्या रेषेचं सांगा. मी ‘रेघ’ लिहिलंय आणि तोंडाच्या चिन्हाखाली ‘रेघा : ३’ दिसतं. चिन्ह आहे चौकोन. दोघांनी चूक म्हणून कळवलं, कारण चौकोनाला बाजू चार. पण आधी डावी बाजू खाली ओढतात, मग वरची आणि उजवी हात न उचलता एका दमात, शेवटी खालची.

— मग ‘फटकारा’ म्हणा. कुंचला कागदावर टेकवल्यापासून उचलेपर्यंत फटकारा एकच, मध्ये कोपरा आला तरी.