सध्या काय वाचताय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाचकांचे अनुभव

पाऊस लागलाय. आपल्याकडे एकदा झड सुरू झाली की संध्याकाळी दाराबाहेर पडणं होत नाही, आणि तेवढीच वाचायला सवड मिळते. तर सांगा, सध्या काय वाचताय? आवडता लेखक कोण? आणि ते पुस्तक तुमच्या हातात आलं कसं, तेही लिहा. नुसती यादी नको. चार ओळी जास्त झाल्या तरी चालतील. सुरुवात मीच करते.

टिळकवाडी, बेळगाव

मी प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' परत काढलंय, बहुतेक पाचव्यांदा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुण्यात वसतिगृहात होते. मी तोंड उघडलं की मैत्रिणी म्हणायच्या, "तुझं मराठी वेगळंच आहे गं." मग 'जेवूलाल्यात', 'करूलालंय' असलं काही निसटू नये म्हणून मी जपून बोलायची. एका रात्री लंपन हातात आला. आजी-आजोबांकडे राहणारा, आई-वडिलांची आठवण आतल्या आत सांभाळणारा मुलगा, आणि त्याच्या भोवतीचं कानडी मिसळलेलं बोलणं. आमच्या गल्लीतलं बोलणं पुस्तकात छापलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आईशी फोनवर मोठ्यानं बेळगावी बोलले, खोलीतल्या सगळ्यांसमोर. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर', लंपनची एवढी चारच पुस्तकं. संत २००३ साली गेले. मोठा झालेला लंपन आपल्याला कधी भेटणार नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

खडेबाजार, कापडाचं दुकान

ताई, लंपनच्या आधी रावसाहेब आहेत की! पु. ल. देशपांडे काही काळ आपल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. 'गणगोत'मधले रावसाहेब म्हणजे बेळगावचे कृष्णराव हरिहर. मी दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसलं की तोच लेख काढतो. शिव्या देणारा आणि तितकाच जीव लावणारा माणूस. माझे आजोबा तसेच होते. बाकी फारसं वाचन नाही माझं, पण तेवढा लेख पाठ आहे म्हटलं तरी चालेल.

खानापूर तालुका, प्राथमिक शिक्षिका

मी एकटी वाचत नाही, सासूबाईंना वाचून दाखवते. त्यांना अक्षरओळख नाही. रात्री जेवणं उरकली की त्या लसूण सोलायला किंवा वाल निवडायला बसतात आणि मला म्हणतात, "काढ गं तुझं पुस्तक." या वर्षी रणजित देसाईंचं 'स्वामी' घेतलं. त्यांचं माहेर चंदगडकडचं. लेखक कोवाडचे आहेत म्हटल्यावर ताठ बसल्या. "आमच्या कोवाडचे? बाजाराला जायचो की आम्ही तिथं."

मग पेशवाई आमच्या स्वयंपाकघरात आली. माधवराव पेशव्यांना ताप चढला की सासूबाई विचारायच्या, "आज बरं वाटलं का त्यांना?" सकाळी पाणी भरताना पुन्हा तेच. थेऊरचं शेवटचं प्रकरण वाचायला मला तीन रात्री लागल्या, कारण माझाच आवाज जात होता. रमाबाई सती जायला निघाल्या तेव्हा सासूबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "एवढं मोठं घर, एवढी माणसं, त्या पोरीला कुणी घट्ट धरून कसं ठेवलं नाही?" त्यांनी स्वतः ऐन तारुण्यात नवरा गमावलाय. मी काही बोलले नाही. आठवडाभर पुस्तक बंद होतं, मग त्यांनीच दुसरं मागितलं. आता 'मृत्युंजय' चालू आहे. शिवाजी सावंत आजऱ्याचे, तेही त्यांना जवळचेच वाटतात. कर्णावर त्यांचा फार जीव जडलाय.

वडगाव, यंत्रमाग

मागाच्या खडखडाटात काही सुचत नाही. लाईट गेली की माग थांबतो आणि मी खिडकीपाशी बसतो. शंकर पाटलांच्या कथा वाचतोय. लाईट येईपर्यंत एक कथा होते. पुस्तक शेजारच्या घरातून आणलं, त्यांच्याकडे ते लग्नात आहेर म्हणून आलं होतं. आहेरात भांड्यांऐवजी पुस्तकं द्यायला पाहिजेत असं माझं मत झालंय.

निपाणी, गॅरेज

आमचे लेखक महादेव मोरे. निपाणीत पिठाची गिरणी चालवत त्यांनी आयुष्यभर लिहिलं. २०२४ साली ते गेले. मी दहावीनंतर गॅरेजात लागलो. वाचायची गोडी नव्हती, कारण शाळेच्या पुस्तकात आमच्यासारखं कुणी नसायचं. मिस्त्रींनी एकदा मोऱ्यांचं पुस्तक दिलं, पानांना ग्रीसचे डाग पडलेले. ड्रायव्हर, क्लीनर, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका, सगळी माणसं ओळखीची निघाली. बोलायचीसुद्धा आमच्यासारखीच.

माझी आई वखारीत तंबाखू कुटायला-चाळायला जायची. घरी आली की पदर झटकायची, आणि आम्ही भावंडं शिंकत बाहेर पळायचो. त्या पदराचा वास मला पुस्तक वाचताना आला. आईला एक कथा वाचून दाखवली. ती म्हणाली, "हे लिहिणाऱ्यानं आत येऊन बघितलंय." त्याच्यापुढं मला कुठल्या पुरस्काराचं मोल वाटत नाही.

सध्या आनंद यादवांचं 'झोंबी' वाचतोय. कागल आमच्या शेजारीच. बाप शाळा सोडवतो आणि पोरगं पुन्हा पुन्हा शाळेकडं धावतं. रोज थोडंच वाचतो, जास्त वाचवत नाही.

चिकोडी, वकिली

आमच्या घरी वडिलांशी कानडी, आईशी मराठी. माझी शाळा कानडी माध्यमाची. मराठी लिपी आईनं तरुण भारतचे मथळे वाचायला लावून शिकवली. म्हणून माझं वाचन दोन काठांवरचं आहे. आता भैरप्पांचं 'पर्व' वाचतोय, कानडी मूळ आणि उमा कुलकर्णींचा मराठी अनुवाद शेजारी-शेजारी उघडून. उमाताई मूळच्या बेळगावच्या. त्यांचे पती विरूपाक्ष कानडी पुस्तक वाचून दाखवायचे आणि ऐकून त्या मराठीत उतरवायच्या. 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ऐकून केलेलं काम असल्यामुळेच की काय, तो मराठी मजकूर मोठ्यानं वाचायला फार चांगला लागतो. मी काही पानं आईला ऐकवली आणि तीच मुळातली वडिलांना. जेवताना दोघं कुंतीवरून वाद घालत होते, एक कानडीत, एक मराठीत.

धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलायचे आणि कविता कानडीत लिहायचे. १९७३ साली त्यांना ज्ञानपीठ मिळालं. आमच्या भागात भाषेवरून भांडणं पुष्कळ झाली, माणसंही गेली, ते मी हलकं मानत नाही. पण माझ्या टेबलावर ही दोन पुस्तकं एकाच दिव्याखाली उघडी असतात.

संकेश्वरजवळ, आरोग्य सेविका

राजन गवस. 'चौंडकं' आधी वाचलं होतं, आता 'भंडारभोग'. मी ज्या वस्त्यांत जाते तिथं यल्लमाच्या नावानं सोडलेल्या बायका आहेत, आता साठी-सत्तरीच्या. कर्नाटकात देवदासी सोडण्याला बंदी करणारा कायदा १९८२ साली झाला, पण ज्यांना त्याच्या आधीच सोडलं त्यांचं आयुष्य कायद्यानं परत येत नाही. एका आजीचं रक्तदाब मोजत होते. पिशवीतून पुस्तक डोकावत होतं. त्यांनी विचारलं, "कसलं पुस्तक?" मी सांगितलं, सौंदत्तीला सोडलेल्यांवर आहे. त्यांनी ते हातात घेतलं, उलटं धरलं, कव्हरवरून हात फिरवला आणि परत दिलं. "आमच्यावर पुस्तक?" एवढंच म्हणाल्या. पुढच्या फेरीला मी त्यांच्यासाठी दोन पानं निवडून नेणार आहे. कुठली, ते अजून ठरत नाही. कुणी हे पुस्तक अशा कुणाला वाचून दाखवलं असेल तर सांगा.

कडोली, निवृत्त पोस्टमन

वय ७८. माझे वडील १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनाला चालत गेले होते. अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथंच झाला. वडील चौथी शिकलेले, पण त्या मांडवाची गोष्ट मरेपर्यंत सांगत राहिले. आता आमच्या कडोलीत, उचगावात, येळ्ळुरात दरवर्षी गावची संमेलनं भरतात. मी भाषणं ऐकतो आणि एक पुस्तक घेऊन घरी येतो. मागच्या वेळी इंदिरा संतांचं 'गर्भरेशीम' मिळालं. लंपनच्या लेखकाच्या त्या आई, बेळगावात राहिलेल्या. पत्नी गेल्यापासून मला कादंबरी झेपत नाही, कविता झेपते. सकाळी चहाबरोबर एक वाचतो. दुसरा कप अजून चुकून मांडला जातो.

एक दुःख सांगतो. एका गावातल्या वाचनालयात पुस्तकांचं कपाट कित्येक महिने कुलपातच होतं, किल्ली कुणाकडे ते कुणाला माहीत नव्हतं. काचेतून पुस्तकांच्या पाठी दिसायच्या. पोरं यायची, पेपर बघायची, जायची. टपाल पोचवायचं काम केलेल्या माणसाला ते बघवत नाही.

अनगोळ, बी.एस्सी.चं पहिलं वर्ष

मी इंग्रजी माध्यमातली. मराठी सावकाश वाचते, जोडाक्षराला अडखळते. वर टिळकवाडीच्या ताईंचं वाचून 'वनवास' आणलं, निम्मं झालंय. आता पुढची तीन हवी आहेत. 'झुंबर' दोन दुकानांत विचारलं, नव्हतं.

टिळकवाडी, बेळगाव

माझ्याकडे आहे गं. शनिवारी चारनंतर शनिवार खुटापाशी ये, 'शारदा संगीत'ही घेऊन येते. आधी ते वाच, 'झुंबर' शेवटी. आणि कडोलीचे काका, कपाटाचं नंतर काय झालं ते लिहा.

कडोली, निवृत्त पोस्टमन

उघडलं. कुलूप तोडलं, किल्ली सापडलीच नाही. वरच्या फळीला वाळवी लागली होती, खालच्या दोन वाचल्या. मी रविवारी बसून त्यांना कव्हरं घालतो.