विध्वंसक टूल्स एजंटच्या हाती देताना वर्णनात काय लिहायचं?

उलटतपासणी:
एआय एजंटला (स्वतःहून कमांड चालवणाऱ्या एआय प्रोग्रॅमला) आपण डेटाबेस, सर्व्हर, क्लाउडची खाती सर्रास जोडून देतोय. पण त्यासाठी दिलेल्या टूलचं, म्हणजे एजंटला चालवता येणाऱ्या कमांडचं, वर्णन बघाल तर 'अनावश्यक रिसोर्सेस साफ करते' एवढ्यावर उरकलेलं. अनावश्यक कोणी ठरवलं? साफ म्हणजे पुसलं की बाजूला ठेवलं? नवखा माणूस असं काही चालवण्याआधी शेजारी बसलेल्याला एकदा विचारतो तरी. एजंट ती ओळ वाचतो आणि कामाला लागतो.

माझं म्हणणं एवढंच की काय जाणार आणि ते परत आणता येईल का, हे वर्णनाच्या पहिल्याच वाक्यात हवं. 'एसथ्री बकेटमधली फाइल काढते' (एसथ्री म्हणजे ॲमेझॉनची क्लाउडवरची साठवण) हे पुरेसं नाही. 'फाइल काढते, व्हर्जनिंग चालू असेल तर आधीची प्रत राहते, नसेल तर फाइल कायमची जाते' असं लिहा. दोन ओळी जास्त लागतील, लागू देत.

सुडो_नको:
सपशेल असहमत. जुलै २०२५ मधलं रेप्लिट या कोडिंग प्लॅटफॉर्मचं प्रकरण आठवा. कोड फ्रीझ होता, परवानगीशिवाय काही बदलू नकोस असं बजावलेलं होतं, तरी एजंटने प्रॉडक्शन (प्रत्यक्ष वापरातला) डेटाबेस उडवला. वर रोलबॅक (बदल मागे फिरवणं) शक्य नाही असंही ठोकून दिलं; नंतर रोलबॅक झाला! शब्द कमी पडले नव्हते तिथे. ड्रॉपचा, म्हणजे टेबल किंवा डेटाबेस उडवण्याचा, अधिकारच नसलेला यूजर एजंटला द्या. निबंध लिहीत बसू नका.

उलटतपासणी:
मान्य. पण जुनी टेस्ट एन्व्हायर्नमेंट पाडण्याचंच काम एजंटला दिलंय, तिथे काय करणार? अधिकार द्यावाच लागणार. कुबरनेटीसमध्ये (अनेक सर्व्हरवर ॲप्स चालवणाऱ्या प्रणालीत) नेमस्पेस, म्हणजे तिथला एक कप्पा, काढली की आतले पॉड (चालू ॲप्स), सर्व्हिसेस, सीक्रेट्स (पासवर्ड वगैरे) सगळं जातं. 'नेमस्पेस काढते' या दोन शब्दांत ते कुठे दिसतंय?

जुना_डीबीए:
हा वाद नवा नाही. २००५ मध्ये गूगलने वेब ॲक्सिलरेटर काढला होता. पानावरच्या लिंक तुम्ही क्लिक करण्याआधीच तो मागच्या मागे उघडून ठेवायचा. काही वेब ॲप्समध्ये 'डिलीट' हीसुद्धा साधी लिंकच होती, त्यामुळे लोकांचा डेटा आपोआप पुसला जायला लागला. 'नक्की काढायचं का?' विचारणारी जावास्क्रिप्टची खिडकी होती, पण ती माणसासाठी. ॲक्सिलरेटरला तिचं काय! गेट विनंतीने (लिंक उघडताना ब्राउझर पाठवतो तिने) काही बदलू नये, असं एचटीटीपीच्या मानकात आधीपासून लिहिलेलं होतं. ॲपवाल्यांनी ते मनावर घेतलं नाही, बस्स.

म्हणून मी नुसत्या गद्यावर विसंबणार नाही. यंत्राला तपासता येईल अशी खूण हवी. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये (एजंटला टूल्स जोडण्याच्या मानकात) ती आहे, 'डिस्ट्रक्टिव्हहिंट' नावाची. टूल लिहिणाऱ्याने काहीच सांगितलं नाही तर ते विध्वंसक आहे असंच धरलं जातं. हा डिफॉल्ट मला फार आवडला.

सुडो_नको:
त्याच प्रोटोकॉलमध्ये असंही म्हटलंय की टूल पुरवणारा सर्व्हर विश्वासातला नसेल तर या खुणांवर भरवसा ठेवू नका. म्हणजे फिरून अधिकारांवरच आलो ना?

रात्रपाळी:
तुम्ही सगळे वर्णनातच अडकलात राव. एजंट सगळ्यात मन लावून वाचतो ते एरर मेसेज. 'गिट क्लीन' (गिटच्या नोंदीत नसलेल्या फाइल्स पुसणारी कमांड) नुसतं चालवलं तर '-एफ' (जबरदस्तीने कर) दिला नाही म्हणून ते नकार देतं. मग एजंट काय करतो? '-एफ' लावून पुन्हा चालवतो. दाराला कुलूप आणि किल्ली तिथेच खिळ्याला. हो की नाही विचारून थांबणाऱ्या कमांडचंही तेच, दुसऱ्या खेपेला '-वाय' (सगळ्याला हो) जोडलेला असतो. आधी '-एन' लावून काय जाईल ते बघा, असं त्या नकारातच ठळकपणे सांगायला काय हरकत आहे?

मितभाषी:
+१. पण प्रत्येक टूलवर 'सावधान, धोकादायक' चिकटवलंत की लांडगा आला रे होणार. एजंट दर पावलाला परवानगी मागेल आणि माणूस न वाचता 'हो' दाबत सुटेल.

उलटतपासणी:
म्हणूनच म्हणतो, इशारे नकोत, वस्तुस्थिती द्या. 'ट्रंकेट' घ्या, टेबल रिकामं करणारी कमांड. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालवलं तर रोलबॅक करता येतं. मायएसक्यूएलमध्ये ते चालताच आपोआप कमिट (पक्कं) होतं, मागे फिरायला वाट नाही. 'धोकादायक' हा शिक्का मात्र दोन्हीकडे सारखाच उमटेल.

सुडो_नको:
बरं, हे पटलं. पण ही माहिती ताजी कोण ठेवणार? वर्णनात 'काढलेला डेटा ३० दिवस राहतो' आणि कुणीतरी सेटिंग बदलून ७ दिवस केलेत. वर्णन नसतं तर एजंट निदान बिचकला असता. आता बिनधास्त पुसणार.

जुना_डीबीए:
बदलणारी गोष्ट वर्णनात लिहूच नका, ती ड्राय रनमधून (प्रत्यक्ष काही न बदलता केलेल्या चाचणीतून) येऊ द्या. टेराफॉर्मचा (क्लाउडवरची यंत्रणा उभारणाऱ्या-पाडणाऱ्या टूलचा) प्लॅन, म्हणजे काय काय बदलणार त्याची यादी, फाइलमध्ये ठेवता येतो. मधल्या काळात स्टेट (टेराफॉर्मकडची यंत्रणेची नोंद) बदलली असेल तर प्लॅन शिळा झालाय म्हणून ते लागू करायला नकार देतं. डेटाबेसमध्ये मधेच नवीन रेकॉर्ड पडले तर मात्र त्याचा पत्ता टेराफॉर्मला लागत नाही. तेवढ्यासाठी शेवटचा स्नॅपशॉट (डेटाबेसची प्रत) हवाच. ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस सेवेमध्ये त्याचं नाव दिल्याशिवाय टेराफॉर्म डेटाबेस पाडतच नाही.

रात्रपाळी:
आणि ती एरर काय सांगते, वाचलीत का? 'स्किप फायनल स्नॅपशॉट' (शेवटचा स्नॅपशॉट वगळायचा का) फॉल्स असेल तर नाव द्या. एजंट नाव शोधत बसेल की फॉल्सचं ट्रू करेल?