‘हॉब्सन्स चॉइस’ला मराठीत काय म्हणावे?

भाषांतरकार:
मी भाषांतर करत असलेल्या एका इंग्रजी लेखात घरमालक भाडेकरूला बजावतो की, नव्या अटी मान्य असतील तर राहा, नाहीतर घर रिकामे करा. लेखकाने या प्रसंगाला ‘हॉब्सन्स चॉइस’ म्हटले आहे. मी ‘इकडे आड, तिकडे विहीर’ असे लिहिले, तर संपादकांनी त्याखाली लाल रेघ ओढली, पण कारण दिले नाही. माझे काय चुकले?

जुना वाचक:
रेघ योग्य आहे. आड आणि विहीर म्हटले की संकटे दोन होतात. येथे पुढ्यात वस्तू एकच असते आणि ती नको असेल तर रिकाम्या हाताने परतायचे असते. थॉमस हॉब्सन हा केंब्रिज आणि लंडनदरम्यान सामानाची ने-आण करणारा आणि घोडे भाड्याने देणारा गृहस्थ. विद्यापीठातील तरुण ठरावीक चपळ घोडेच मागत आणि त्यांना दामटून पार थकवून टाकत. म्हणून त्याने नियम केला की, तबेल्याच्या दाराशी उभा असेल तोच घोडा मिळेल. घोड्यांना पाळीपाळीने विश्रांती मिळावी, एवढाच त्याचा हेतू होता, आणि मला तरी तो रास्त वाटतो. तो १६३१ साली वारला, तेव्हा केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या कवी मिल्टनने त्याच्यावर दोन मिश्कील कविता लिहिल्या.

कोशवेडा:
वरील खुलासा बरोबर आहे; मात्र आजकाल बरेच इंग्रजी लेखक दोन सारख्याच वाईट पर्यायांसाठीही हा वाक्प्रचार वापरतात आणि काही कोशांनी तो अर्थ नोंदवलाही आहे. शिवाय हॉब्सनचे गिऱ्हाईक घोडा न घेता पायी जाऊ शकत होते, भाडेकरू मात्र रस्त्यावर येतो, त्यामुळे आपला आड-विहिरीचा मोह समजण्यासारखा आहे. ‘पदरी पडले पवित्र झाले’ मात्र योजू नका. ते गोष्ट पदरात पडून गेल्यावरचे समाधान आहे. ‘अडला हरी’मध्ये लाचारी येते, पण निवडीचा देखावा येत नाही, आणि या वाक्प्रचारातली खरी खोच त्या देखाव्यातच आहे.

भाषांतरकार:
दोघांचेही आभार. आता वाक्य असे केले आहे : ‘घरमालकाने निवड भाडेकरूवर सोपवली खरी, पण अटी मान्य करण्यावाचून त्याला गत्यंतर ठेवले नाही.’

जुना वाचक:
‘सोपवली खरी’ने काम झाले. हॉब्सनचे नाव गेले तरी चालेल.