दुबईत पहिल्या वर्षी पगाराचा हिशेब कसा बसवावा?

नाशिककर:
नोकरीनिमित्त मी नुकताच दुबईत आलो आहे. नाशिकला आईला दरमहा घरखर्चासाठी पैसे पाठवावे लागतात आणि घरकर्जाचा हप्ता माझ्या तिथल्या जुन्या बचत खात्यातून वळता होतो. काही सहकारी दिरहमचा रुपयातला दर चढण्याची वाट पाहत पैसे इथेच ठेवतात, तर काही जण पगार होताच सगळी रक्कम पाठवून मोकळे होतात. लवकरच कंपनीचे निवासस्थान सोडून मला स्वतःची जागा भाड्याने घ्यायची आहे. पैसे केव्हा पाठवावेत, हाताशी किती ठेवावेत आणि जुने खाते तसेच चालू ठेवता येते का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

करामावासी:
दराचा विचार नंतर करा, आधी भाड्याचा करा. इथे भाडे वर्षाचे ठरते आणि त्याचे पुढील तारखांचे चेक करारावर सही करतानाच द्यावे लागतात. समजा, वर्षाचे भाडे 60,000 दिरहम आणि चेक चार ठरले, तर पहिला चेक 15,000 चा, रिकाम्या घराची अनामत साधारण पाच टक्के म्हणजे 3,000, दलाली बहुधा तेवढीच, आणि फ्लॅटच्या वीज-पाण्याची अनामत 2,000, असे 23,000 दिरहम घरात पाऊल टाकण्यापूर्वीच लागतात. शिवाय वार्षिक भाड्याच्या पाच टक्के पालिकेचा कर वीजबिलातून दरमहा थोडा थोडा वसूल होतो. या उदाहरणात तो महिन्याला 250 दिरहम होईल. नवीन आलेल्या माणसाला तो आकडा विजेचाच वाटतो आणि बिल पाहून तो घाबरतो.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, पगार जमा झाला की पुढच्या चेकचा त्या महिन्याचा वाटा वेगळ्या खात्यात काढून ठेवावा आणि नंतरच उरलेल्या रकमेतून घरी किती पाठवायचे ते ठरवावे.

जमाखर्च:
दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे. त्यामुळे दर चढण्याची वाट पाहणे म्हणजे रुपया डॉलरपुढे घसरण्याची वाट पाहणे होय, आणि तो केव्हा घसरेल हे सांगणे आपल्या हाती नाही. पाच हजार दिरहम पाठवताना दिरहममागे दहा पैशांचा फरक पडला तर तो पाचशे रुपयांचा होतो. तेवढ्यासाठी आईचा घरखर्च किंवा कर्जाचा हप्ता अडकवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. या दोन्हींची रक्कम ठरलेल्या तारखेला पाठवावी आणि दर पाहायचाच असेल तर तो फक्त शिलकीच्या रकमेसाठी पाहावा. पैसे पाठवणाऱ्या एक्स्चेंजच्या दुकानात फलकावरच्या दरावर विसंबू नये. शुल्क वजा जाता नाशिकच्या खात्यात नेमके किती रुपये जमा होतील, हे विचारून दोन-तीन ठिकाणी तुलना करावी.

जुने बचत खाते मात्र तसेच ठेवता येत नाही. अनिवासी झाल्यावर फेमा या परकीय चलनविषयक कायद्यानुसार ते एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या, खात्यात बदलून घ्यावे लागते. भारतातले भाडे किंवा लाभांश त्यात जमा होऊ द्यावेत, पण त्यावरील व्याज करपात्र असते. इथल्या कमाईसाठी एनआरई, म्हणजे अनिवासींच्या परदेशी कमाईचे, खाते उघडावे. त्यातील व्याजावर भारतात प्राप्तिकर नाही आणि पैसे केव्हाही परत बाहेर नेता येतात. कर्जाचा हप्ता या दोन्हींपैकी कोणत्याही खात्यातून जाऊ शकतो. आईंच्या खर्चाची रक्कम थेट त्यांच्या खात्यात पाठवावी.

नाशिककर:
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. एवढ्या रकमेचे चेक आगाऊ लिहून देण्याची थोडी धास्ती वाटते. एखादा परत गेला तर तुरुंगवास होतो, असे ऐकले आहे.

करामावासी:
2 जानेवारी 2022 पासून नियम बदलले आहेत. केवळ शिल्लक अपुरी पडली म्हणून चेक परत गेला, तर सर्वसाधारणपणे तो आता फौजदारी गुन्हा ठरत नाही. मात्र खात्यात असेल तेवढी रक्कम बँक अंशतः चुकती करते आणि उरलेल्या रकमेसाठी चेकधारक थेट न्यायालयाकडून वसुलीची कारवाई सुरू करू शकतो. जाणूनबुजून खाते बंद करणे किंवा चेक वटू नये अशा बेताने सही करणे हा आजही गुन्हाच आहे. सही बँकेतील नमुन्याशी जुळली नाही, तर पुरेसे पैसे असूनही चेक परत जातो. तेव्हा खाते उघडताना केलेल्या सहीचा फोटो स्वतःजवळ ठेवा, चेक लिहिताना ती समोर ठेवून सही करा आणि प्रत्येक चेकची तारीख फोनमध्ये आठवडाभर आधीच्या सूचनेसह नोंदवा.